साबणावरून

श्री,

तुझी दाढी वाढलेली होती. पंधरा-सोळा दिवसांची असेल, सगळी पांढरी. तुझ्या बाबांच्या सुतकातले दहा दिवस सोडले तर एकतीस वर्षांत मी तुला असा कधी पाहिला नव्हता. गिरगावच्या तुझ्या बाहेरच्या खोलीत, टीव्ही एका बाजूला सरकवून, तुला खाली ठेवलं होतं. आंघोळ घालून झाली होती. वहिनी कपाटाला टेकून बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "ह्यांची दाढी तरी करा रे कुणीतरी. असे कधी घराबाहेर पडले नाहीत."

कुणी हललं नाही. तुझा डोंबिवलीचा चुलतभाऊ म्हणाला, "वहिनी, आता राहू दे. गाडी खाली उभी आहे, रस्ता अडलाय."

मी दारात होतो, चपलांच्या ढिगाजवळ. "मी करतो," एवढंच म्हणायचं होतं. तुझं सामान न्हाणीतल्या फळीवर असतं हे मला माहीत होतं. तुझ्या डाव्या जबड्याखाली एक भोवरा आहे, तिथे केस उलटे वाढतात, तिथे तू ब्लेड खालून वर न्यायचास, हेही माहीत होतं. त्या खोलीत हे माहीत असलेला मी एकटाच होतो. पाच मिनिटांचं काम होतं.

मी काही बोललो नाही. तुला माझा हात चालला असता का, असं मनात आलं. एकतीस वर्षांच्या दोस्तीनंतर, तुझ्या मेलेल्या तोंडाकडे बघताना माझ्या मनात हे आलं. मग त्यांनी तुला उचललं आणि तू तसाच गेलास.

आज पंधरा दिवस झाले. हे मी तुला लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर त्याला पहिल्यापासून सगळं समजवावं लागेल. आणि वाक्य अर्धं झालं की माझं मलाच ते हास्यास्पद वाटायला लागेल.

तुला आठवतं का, आपली नीट ओळख कशी झाली ते? विमा कचेरीत एकाच आठवड्यात लागलो होतो, पण वर्षभर नुसतं "काय, कसं काय" चाललं होतं. मग बढतीच्या मुलाखतीचा दिवस आला. माझा गळा लाल झाला होता, पुटकुळ्या आल्या होत्या, दोन ठिकाणी कापलं होतं. मी आंघोळीच्याच साबणाने दाढी करायचो. आमच्या घरी सगळे तसंच करायचे. तू माझ्या टेबलापाशी आलास, गळ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "मिलिंद, तू दाढी करत नाहीस. सोलतोस."

मला राग आला होता. पण तू बॅग घेऊन मला कचेरीच्या बाथरूममध्ये नेलंस. त्या बॅगेत तुझं सगळं असायचं, कारण संध्याकाळी कुठे जायचं असलं की तू पुन्हा दाढी करायचास. ब्रश ओला केलास, साबणाच्या वडीवर गोल गोल फिरवलास, फेस इतका घट्ट आणलास की वाटी उलटी धरलीस तरी पडला नाही. "घाई फेसात करायची नाही. ब्लेडचं काम दोन मिनिटांचं, फेसाचं पाच." मग माझी हनुवटी दोन बोटांनी वर उचललीस आणि जे राहिलं होतं ते तू स्वतः केलंस. शेवटी तुरटी फिरवलीस. चरचरलं. आरशात बघून म्हणालास, "आता जा. आता तू साहेब दिसतोस."

माझ्या आयुष्यात माझ्या बापाशिवाय दुसऱ्या कुणी माझी हनुवटी अशी धरली नव्हती. त्या दिवसापासून तू मला मिल्या म्हणायला लागलास.

नंतर तो आपला नादच झाला. शनिवारी दादरला कटलरीच्या दुकानात जायचं, नवा साबण आलाय का बघायचं, वास घ्यायचा, एखादा घ्यायचा, सोमवारी कचेरीत एकमेकांच्या गालावरून हात फिरवून निकाल द्यायचा. आपल्या बायका, वहिनी आणि माझी संगीता, हसायच्या. तुझ्या आईने एकदा मला पानावर तिसरा मोदक वाढताना विचारलं होतं, "काय रे, दोघांना दाढीशिवाय काही विषय नाही का?" त्या घरात मला कधी काही वेगळं वाटलं नाही, श्री. हे मला आज स्वच्छ लिहायचं आहे. तुझ्या आईने मला कधी वेगळा कप दिला नाही, कधी नजर वेगळी केली नाही. सहा डिसेंबरला आमच्या मंडळाच्या पाणपोईवर तू दरवर्षी यायचास, सकाळपासून उभा राहून ग्लास भरायचास. आणि माझ्या बापाचं ऑपरेशन झालं तेव्हा परळला पहाटे रक्त द्यायला आलेला पहिला माणूस तू होतास. बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. तुझं रक्त घेऊन जगले.

म्हणून तर मला ते इतकं लागलं.

तुझी लेक गार्गी कंपनीच्या कामाला तीन महिने इंग्लंडला गेली होती, तिने येताना तुझ्यासाठी तो साबण आणला. लाकडी वाटीत मोठी वडी. तू ती सुरीने बरोबर मधून कापलीस आणि अर्धी माझ्यासाठी स्टीलच्या डबीत घालून कचेरीत घेऊन आलास. "एकट्याने वापरायचा नाही हा." मी दुसऱ्या दिवशी वापरला आणि तुला सकाळीच फोन केला. दोघं मिनिटभर नुसते हसत होतो. इतका मऊ फेस मी जन्मात पाहिला नव्हता. ब्लेड चाललंय हे कळत नव्हतं. दुपारपर्यंत गाल लहान मुलासारखा.

तीन महिने आपण त्याने दाढी केली. मग तुझी अर्धी संपत आली, म्हणून तू दुसरी मागवायला इंटरनेटवर शोधायला बसलास. आणि तिथे तू तो शब्द वाचलास. लाकडी वाटीवर तो होताच, टॅलो. तुला वाटलं होतं एखाद्या झाडाचं नाव असेल.

सकाळी सात वाजता तुझा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मिल्या, तो साबण फेक."

"का रे? काय झालं?"

"चरबी आहे त्यात. गाईची."

मी हसलो. माझी पहिली चूक ती. मी खरंच हसलो, कारण मला वाटलं तूही हसशील. तू म्हणालास, "मला आत्ता उलटी झाली," आणि फोन ठेवलास.

शनिवारी आपण दादरला भेटलो, नेहमीच्या हॉटेलात, नेहमीच्या टेबलावर. तू पियूष मागवलंस आणि प्यायला नाहीस. तू खूप वाईट दिसत होतास. चेहरा ओढलेला, आणि गाल कोरडे, खरवडलेले. त्या चार दिवसांत तू तोंड किती वेळा घासलं असशील देव जाणे. मी तेव्हा हे पाहिलं होतं, पण त्याची दखल घेतली नाही. मला तुझी गंमत करायची होती.

"तीन महिने मी त्या हातांनी पूजा केली रे," तू म्हणालास.

"मग? देवाने काही तक्रार केली?"

"मिल्या, प्लीज."

"अरे, पायात चप्पल कशाची घालतोस? तुझा ब्रश? ते केस काय कापसाचे आहेत?"

"ब्रशही फेकला. आणि चप्पल पायात असते. हे मी तोंडाला लावलं. ओठांना लागलंय माझ्या. मला गिळल्यासारखं वाटतंय."

"साबण आहे श्री. तूप-कढी नाही. इतकी वर्षं बाजारात काय काय वापरलं असशील, कोण बघायला गेलंय?"

आणि मग तू ते म्हणालास. रागाने नाही. थकून म्हणालास, समजावल्यासारखं.

"तुला नाही कळणार ते. तुमच्यात चालतं हे."

तुमच्यात. मी तो शब्द आयुष्यात हजार वेळा ऐकलाय. शाळेत ऐकलाय, कचेरीत ऐकलाय, भाड्याने खोली बघायला गेलो तेव्हा दारात ऐकलाय. तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"आमच्यात म्हणजे कुणाच्यात?"

"अरे, म्हणजे... नॉनव्हेज खाता ना तुम्ही, म्हणून म्हटलं."

"नाही. ते नाही म्हटलंस तू."

मग मी बोललो. मी तुला सांगितलं की माझ्या आईचा बाप गावातली मेलेली जनावरं ओढायचा. मागायला जायचा नाही, ते त्याच्यावर लादलेलं काम होतं. गोठ्यात गाय मेली की निरोप यायचा. तो आणि त्याचा भाऊ ती ओढून नेत, सोलत, आणि चरबी मडक्यात कढवत. त्याच चरबीचं वंगण गावाच्या बैलगाड्यांना लागायचं. "तुझ्यासारख्यांच्याच गोठ्यातली गाय," मी म्हणालो, "आणि तुझ्यासारख्यांच्याच गाड्या. त्या गाड्यांतून देवाला जायचे सगळे. तेव्हा कुणाला उलटी झाल्याचं ऐकलं नाही."

आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. तू माझ्याकडे बघत होतास आणि म्हणालास, "एकतीस वर्षांत हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

आणि तेव्हा तू खिशातून रुमाल काढलास आणि हात पुसलेस. आधी उजवा, मग डावा. पियूषचा पेला गार होता, त्याला बाहेरून पाणी सुटलं होतं, तू तो मघापासून धरून बसला होतास. त्यासाठी पुसले असशील. की दुसऱ्या कशासाठी? मी विचारलं नाही. मी माझं मी ठरवून टाकलं.

उठताना मी म्हणालो, "मी तर वापरणार तो साबण. संपेपर्यंत वापरणार. तुला माझ्या शेजारी बसायला त्रास होणार असेल तर सांग."

तू पियूषचे पैसे ठेवलेस आणि उठलास. आपण तिथून दोन वेगवेगळ्या बाजूंना गेलो.

आठवड्याने तुझा मेसेज आला. "मिल्या, बोलायचंय." मी पाहिला, आणि उत्तर दिलं नाही. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्याच्याखाली काही नाही. म्हणजे आपल्या अबोल्याच्या दोन वर्षांचा दोष वाटायचा झाला तर तुझ्या वाट्याला एक शब्द येतो, आणि बाकीचे सगळे दिवस माझे. तू हात पुढे केला होतास. मला अजून थोडं रागावून राहायचं होतं. रागाला चव असते, रे. मला वाटलं, पुढच्या महिन्यात बोलू.

कचेरीत मजला बदलून घेतला. तुझ्या निवृत्तीच्या समारंभाला मी आलो, समोसा खाल्ला, आणि तू बोलायला उभा राहायच्या आत जिना उतरलो. तू काय बोललास ते मला आजही माहीत नाही. कुणाला विचारायची लाज वाटते.

आणि मग परळ. तुला स्वादुपिंडाला सूज आल्याचं, आयसीयूत ठेवल्याचं ग्रुपवर आलं, तेव्हा हॉस्पिटलचं नाव वाचून मी खिडकीतून बाहेर बघितलं. भोईवाड्यातल्या माझ्या घरापासून ती इमारत दहा मिनिटांच्या चालीवर आहे. तू तिथे सोळा दिवस होतास. संगीता मला रोज विचारायची. मी तिला म्हणालो, "रविवारी जातो."

"आज जा ना. दहा मिनिटं तर आहेत."

"आज भेटायची वेळ संपली."

संपली नव्हती. मी बुधवारी दादरला त्या दुकानात गेलो होतो. "वनस्पती तेलाचा दाखवा," म्हणालो. दुकानदाराने तुझी चौकशी केली. "तुमचे मित्र दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत?" मी म्हणालो, गावाला गेलाय. खोबऱ्याच्या तेलाचा एक साबण घेतला, डबीवरची बारीक अक्षरं दुकानाबाहेर उन्हात उभं राहून दोनदा वाचली. रविवारी तो घेऊन तुझ्याकडे येणार होतो. आत आल्यावर काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, पण साबण हातात दिला असता तर पहिलं वाक्य तू बोलला असतास. तू गप्प राहू शकत नाहीस, मला माहीत आहे.

तू शुक्रवारी सकाळी गेलास.

काल मी वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "या भावजी," आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. गार्गी आत होती, चहा करत होती. बराच वेळ आम्ही हॉस्पिटलचं बोललो, डॉक्टरांचं बोललो. मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारवत नव्हतं. शेवटी विचारलं.

"माझं काही बोलायचा का?"

त्यांनी आठवून बघितलं. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही, तुझीच बायको. "नाही हो. एकदा मी विचारलं होतं, मिलिंद भावजी हल्ली येत का नाहीत? तर म्हणाले, तो विषय नको. मग मी नाही काढला." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं बिनसलं तरी कशावरून होतं?"

मी म्हणालो, "साबणावरून."

"कशावरून?"

"दाढीच्या साबणावरून."

त्या हसल्या, श्री. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. "साबणावरून?" असं दोन-तीनदा म्हणाल्या, हसत हसत, आणि तिसऱ्या वेळेला त्यांना रडू कोसळलं. "साबणावरून दोन वर्षं? अहो, ते शनिवारी कपडे करून बसायचे. कुठे जायचंय विचारलं तर म्हणायचे, कुठे नाही. आणि तुम्ही साबणावरून..."

'तुमच्यात' त्यांना कसं समजावू? माझा आजोबा कसा समजावू? त्या दुःखात बसलेल्या बाईला मी तिच्या नवऱ्याचं एक वाक्य सांगून काय मिळवणार होतो?

दारात गार्गी उभी होती, हातात ट्रे घेऊन. "काका, कोणता साबण? मी आणलेला?"

"नाही ग," मी म्हणालो. "तो वेगळाच. जुनी गोष्ट आहे."

ती तशीच उभी राहिली. हुशार आहे, तुझ्यावर गेली आहे. मी चहा प्यायलो. गरम होता, जीभ भाजली, तरी भराभर प्यायलो आणि निघालो.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगतो.

दादरला मी तुला म्हणालो होतो ना, की मी तो साबण वापरणार? तेव्हा तो माझ्याकडे नव्हता. तुझा फोन आला त्याच संध्याकाळी तो कचऱ्यात गेला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर मी संगीताला तुझी गोष्ट रंगवून सांगत होतो. आई खिडकीशी पलंगावर बसून शेंगा सोलत होती. तिला ऐकू कमी येतं, पण हे नेमकं आलं. म्हणाली, "कशाची चरबी म्हनलास?"

"गाईची, आई."

"आन् ती तू तोंडाला लावतुयास?"

"साबण आहे अगं. बघ, कसा वास येतो." मी डबी आणून तिच्यापुढे धरली. तिने डबी हातात घेतली नाही. नुसती वाकली आणि वास घेतला. फुलांचा वास होता त्याला. ती बराच वेळ तशीच वाकून होती. मग म्हणाली, "वरनं अत्तर वतलंय. खालचा वास मला येतुय."

मी डबीचं झाकण लावलं.

"मी धा वर्साची व्हते. केसातनं जायाचा न्हाई त्यो वास. कितीबी माती लावून धुवा. शाळंत पोरी लांब बसायच्या, मास्तर खिडकीकडं तोंड करायचा. माझ्या बापानं धम्म घेतला, घरी आला आन् पयलं काय केलं, तर त्ये चरबीचं मडकं उचलून अंगनात आपटलं. गावानं सा महिनं पिठाची गिरन बंद केली आमाला. आमी जात्यावर दळलं. पर मडकं परत चुलीवर चढलं न्हाई. आन् तू त्ये डबीत घालून घरात आनलंस?"

"दोस्तानं दिलं, आई. त्याला माहीत नव्हतं."

"आता म्हाईत हाय न्हवं? टाक भाईर."

मी जिना उतरून तो खालच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला. डबीसकट टाकला. तुझी डबी होती ती. वर आल्यावर आईने मला तोंड धुवायला लावलं. साठीला आलेला मी, नळाखाली वाकून, आई मागे उभी राहून बघतेय.

म्हणजे बघ, श्री. त्या एका दिवशी, गिरगावात तू आणि भोईवाड्यात माझी आई, दोघांनी तोच साबण फेकला. दोघांनी तोंड धुतलं, एकाने स्वतःचं आणि एकीने माझं. आणि मी चार दिवसांनी तुझ्यासमोर बसून छाती काढून सांगत होतो की मी तो वापरणार.

का नाही सांगितलं? कारण मला माहीत होतं तू काय म्हणाला असतास. तुझा चेहरा उजळला असता. "बघ! तुझ्या आईलाही नाही चाललं!" आणि तू दोघांचं फेकणं एका पिशवीत घातलं असतंस. ते मला नको होतं. तू फेकलास, कारण एवढीशी गाय तुझ्या ओठाला लागली. आईने फेकला, कारण अख्खं गाव ती गाय तिच्या केसात टाकून वास येतो म्हणत होतं. हे एक नाही. हे कधीच एक होणार नाही. पण हे तुला समजावून सांगणं हे माझं काम होतं, आणि तेवढ्यासाठीच तू तो मेसेज पाठवला होतास. बोलायचंय म्हणालास. ऐकायचंय, असंच असेल ते. तुला मी एकतीस वर्षं ओळखत होतो, मला ते कळायला हवं होतं.

कदाचित तुला नसतंही कळलं. कदाचित तू पुन्हा तोच शब्द वापरला असतास. तेही आता कळायचं नाही. मला लोक सांगतात, मनातलं लिहिलं की मोकळं वाटतं. मला काही मोकळं वाटत नाहीये.

आज सकाळी आईला सांगितलं. तू गेल्याचं तिला माहीत होतं, पण आपलं भांडण तिला माहीत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. तुझा फोन, दादर, तो शब्द, रुमाल, मेसेज. आणि तिने साबण फेकायला लावला हे मी तुझ्यापासून लपवलं तेही. ती शेंगा बाजूला ठेवून ऐकत होती. मला वाटलं ती तुझ्यावर रागवेल. मग वाटलं माझ्यावर रागवेल.

तिने विचारलं, "त्यो रक्त द्याया आल्ता त्योच न्हवं?"

"हो."

"मग मला फोन लावून द्यायचा हुतास. मी बोलले असते त्याच्याशी."

"तू काय बोलली असतीस, आई?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"त्ये त्याला सांगितलं असतं," ती म्हणाली. "आता तुला सांगून काय करू?"